खुलं पत्र: आमचं टेबल 'निगेटिव्ह' कसं काय?

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि समस्त कमिटी,
आमच्या नाक्यावरचं दहीहंडी मंडळ,
लालबाग-परळ, मुंबई

दादा लोकांनो, नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. ज्यांना कळायचंय त्यांना कळेल, आणि खरं सांगू का, हेच पत्र मुंबई-ठाण्यातल्या बऱ्याच मंडळांना जसंच्या तसं पाठवलं तरी चालेल. तुमच्याशी भांडायला लिहीत नाहीये. पण ग्रुपवर लिहिलं की ते दहा मिनिटांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जातं आणि फोन केला की 'अगं ताई, भेटून बोलू' होतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

परवा रात्री ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडला. 'यावर्षी मेंदूवाला स्टॉल रद्द करण्यात येत आहे. सणाच्या दिवशी निगेटिव्ह विषय नको, स्पॉन्सर पण नाराज होतील. गणपतीनंतर बघू.' खाली धडाधड अंगठे. बास, विषय संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, स्टॉल म्हणजे काय होतं तर एक टेबल, दोन खुर्च्या, एक क्यूआर कोडचा बोर्ड, एक पावती पुस्तक आणि स्टेजवरून माईकवर दोन मिनिटं. डोक्याला मार लागून ज्यांचं आयुष्य उलटंपालटं झालंय अशा लोकांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी माझ्या बाबांच्या नावाने मदत गोळा करायची होती. गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फोडला तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं होतं, 'काकांसाठी एवढं पण नाही करणार का' असं वर स्वतःच म्हणाले होते. बोर्ड छापून आलाय. घरात दरवाज्यामागे उभा आहे.

तुमच्यातले नवीन मुलगे बाबांना ओळखत नसतील. ते तुमच्याच मंडळातले. गिरणीत बदली कामगार होते, ८२ च्या संपानंतर प्रेसमध्ये लागले, आणि गोविंदात तेव्हापासून होते जेव्हा हंडी फोडली की नारळ, शर्टपीस आणि कुणाच्या तरी घरची गरम भजी एवढंच मिळायचं. नंतर लाखांची बक्षिसं आली, ट्रक आले, डीजे आले, टीव्हीवाले आले. बाबांनी कशालाच नाकं मुरडली नाहीत. त्यांचं म्हणणं, पोरं महिनाभर दारू-गुटखा सोडून रोज रात्री सरावाला येतात ना, मग झालं.

२०१३ चा गोपाळकाला. आदल्या वर्षी ठाण्यात नऊ थरांची गिनीजमध्ये नोंद झाली होती, ४३.७९ फूट, त्यामुळे त्या वर्षी ज्याला त्याला एक थर वाढवायचा होता. बाबा तेव्हा पंचावन्नचे, थरात नव्हतेच, बाहेरच्या रिंगणात हात लावून उभे होते. आपलाच नाका, आपलीच हंडी. वरचे थर लागताना मधनं कुणाचा तरी गुडघा हलला आणि सगळं खाली आलं. एक मुलगा बाबांच्या अंगावर पडला, त्याला खरचटलंसुद्धा नाही कारण खाली बाबा होते, बाबा मात्र मागच्या मागे गेले आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं.

रक्त फारसं नव्हतं आणि तिथेच सगळे फसले. कुणी बाटलीतलं पाणी ओतलं, कुणी हळद आणली, बाबा उठून बसले, त्या मुलालाच विचारलं 'लागलं का रे तुला', चहा प्यायले. माईकवरून सांगितलं गेलं की काका एकदम ठणठणीत आहेत, जोरदार टाळ्या. टाळ्या पडल्या. पथक ट्रकात बसून पुढच्या हंडीला गेलं आणि बाबांना 'जरा पडा घरी जाऊन' म्हणून पाठवून दिलं.

तासाभराने उलटी झाली, मग शब्द जड यायला लागले, मग झोप झोप करायला लागले, आणि आईने बॅटरी मारून बघितलं तर एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी. कवटीच्या आत रक्त साठत होतं. याला डॉक्टर 'ल्युसिड इंटर्व्हल' म्हणतात, म्हणजे मार लागल्यावर माणूस मधला काही वेळ अगदी नीट बोलतो-चालतो, आणि आतमध्ये रक्ताची गाठ मोठी होऊन मेंदूवर दाब वाढत असतो. तो मधला वेळच सगळ्यात मोलाचा, तेव्हा सीटी स्कॅन झाला आणि ऑपरेशन झालं तर माणूस पुष्कळदा पुरता बरा होऊन घरी येतो. आमचा तो वेळ टाळ्यांत गेला आणि उरलेला रस्त्यात, कारण लालबागपासून पुढे सगळीकडे ट्रकच ट्रक.

हॉस्पिटलबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पालिकेचं हॉस्पिटल, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, आणि त्या गर्दीत रेसिडेंट डॉक्टर पोरांनी रात्रभर जागून बाबांना वाचवलं. पोचलो तेव्हा जीसीएस सहा होता. हा ग्लासगो कोमा स्केल, पंधरा म्हणजे पूर्ण शुद्धीत, तीन म्हणजे काहीच प्रतिसाद नाही, आठ किंवा खाली म्हणजे गंभीर. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि काही महिन्यांनी परत बसवला. तोपर्यंत डोक्याची ती बाजू खोलगट दिसायची आणि आई त्यावर टोपी घालून ठेवायची. आमच्या मजल्यावरची लहान मुलं घाबरायची.

डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी तुमच्यातले बरेच जण घरी आले होते पेढे घेऊन. मंडळाने तेव्हा वर्गणी काढून औषधांचे पैसे दिले होते, ते मी कधीच नाकारणार नाही, आईने त्याची वही ठेवलीय. पण तुमच्या दृष्टीने गोष्ट त्या पेढ्यांपाशी संपली. आमची तिथून सुरू झाली आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले तोवर चालू होती.

ही मधली वर्षं कशी असतात ते कुणी विचारत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

चेहरा बाबांचाच. आवाजही. पण ज्या माणसाने आम्हाला कधी 'अगं मूर्ख' म्हटलं नव्हतं तो ताट भिंतीवर भिरकवायला लागला. कपाळामागचा मेंदूचा भाग, फ्रंटल लोब, राग आवरणं, विचार करून बोलणं, ठरवलेलं काम पूर्ण करणं हे सगळं तो सांभाळतो आणि बाबांना मार तिथेच जास्त होता. हे आम्हाला कळायलाच कितीतरी काळ गेला. तोपर्यंत आई देवऋषीकडे पण जाऊन आली, शेजारचे म्हणायचे आजारपणाने माणूस चिडका होतोच, आणि मामा म्हणायचा मुद्दाम करतात, लाड झालेत.

वास गेला होता पूर्ण. डोक्याच्या मारात हे खूप जणांचं होतं, नाकापासून मेंदूकडे जाणाऱ्या बारीक नसा तुटतात. बोंबील तळले काय आणि गॅस चालू राहिला काय, त्यांना सारखंच. म्हणून त्यांना घरात एकटं सोडता येईना, म्हणून आईने पोळ्यांची कामं सोडली, म्हणून घरात माझा एकटीचा पगार. दिवसाला ब्युरोची मावशी लावायची तर बारा तासांचे आठशे-हजार, ते कुठून आणायचे.

चालताना झोक जायचा आणि बोलणं जड, त्यामुळे रस्त्यावर लोकांना वाटायचं सकाळी सकाळी टाकून आलाय. एकदा दादर स्टेशनवर पब्लिकने ढकलाढकली केली. ज्याने आयुष्यात बिअरला हात लावला नाही त्याच्या खिशात आम्ही चिठ्ठी ठेवायला लागलो, 'मी प्यायलेलो नाही, माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालंय, कृपया या नंबरवर फोन करा.'

आणि आवाज. मोठा आवाज सहनच व्हायचा नाही, कुकरच्या शिटीला सुद्धा कानावर हात. मग गोपाळकाला. आदल्या दिवशी आम्ही बाबांना घेऊन आत्याकडे पेणला जायचो, कारण आपल्या नाक्यावरच्या स्पीकरने त्यांना फिट यायची भीती वाटायची. तुमच्यातल्या काहींनी बोलून दाखवलं होतं की काकांनी आता मंडळाकडे पाठ फिरवली. आत्याच्या अंगणात बसून 'किती लागले, किती लागले' असं मला सारखं विचारायचे. थर हो. मी फोनवर बघून सांगायची. आवाज बंद करून व्हिडिओ दाखवायची.

दिव्यांग दाखल्यासाठी सरकारकडे गेलो तर तिथे वेगळीच गंमत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले, चांगलंच झालं, पण त्या यादीत डोक्याच्या माराला स्वतःची ओळ नाही. हातापायाचं बघा, बोलण्याचं बघा, बुद्धीचं बघा, मानसिक बघा, असं तुकड्या-तुकड्याने मोजतात, आणि बहुतेक सवलतींना किमान चाळीस टक्के लागतात. बाबा चालत आत गेले, नाव-गाव-पत्ता बरोबर सांगितला. झालं, माणूस ठीक आहे. घरी आल्यावर चप्पल कुठल्या पायात कुठली यावरून अर्धा तास रडले ते कुठल्या टक्क्यात बसवायचं?

या सगळ्यात आम्हाला ती संस्था भेटली. नाव इथे टाकत नाही, नाहीतर म्हणाल पत्राच्या आडून जाहिरात केली. छोटा नोंदणीकृत ट्रस्ट आहे, उपनगरात भाड्याच्या जागेत चालतो. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे १९५५ पासूनची, तिथे काम होतं, पण अख्ख्या मुंबईला आणि बाहेरगावच्यांना एक दोन ठिकाणं किती पुरणार, आणि ज्याला हॉर्न सहन होत नाही त्याला रोज बसने नेणार कसं? या ट्रस्टचे लोक घरी आले. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलगी होती, तिने कपाटांवर चित्रं चिकटवली, एक वही केली ज्यात सकाळपासूनचं एकेक काम ओळीने लिहिलेलं, आणि आईला शिकवलं की एका वेळी एकच सूचना द्यायची. 'आंघोळ करा, मग नाष्टा करा आणि तोवर गोळी घ्या' असं म्हटलं की बाबा गोंधळायचे आणि गोंधळले की चिडायचे. एवढी साधी गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. स्पीच थेरपी सुरू झाली, घरच्यांसाठी महिन्यातून एकदा गप्पांची बैठक, तिथे आई पहिल्यांदा दुसऱ्या बायकांसमोर मोकळेपणी रडली आणि मग पहिल्यांदा हसली पण. काही महिन्यांनी बाबा एकटे खाली जाऊन दूध घेऊन आले. सुट्टे पैसे बरोबर. चाळीत आईने साखर वाटली.

हेच पहिल्या वर्षात झालं असतं तर, असा विचार मी रात्री करत नाही असं नाही. डॉक्टर सांगतात की मार लागल्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू सगळ्यात जास्त भरून येतो, थेरपी तेव्हा मिळायला हवी. आणि तेव्हाच घरातले पैसे ऑपरेशन-आयसीयूत संपलेले असतात. बाहेर प्रायव्हेटमध्ये एकेका सेशनचे सातशे-हजार, आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षभर. संस्था हे अगदी कमी पैशात करते आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांना फुकट, आणि ते लोकांनी दिलेल्या पैशावर चालतं. म्हणून बाबा गेल्यावर आम्ही ठरवलं की जेवणावळ न घालता त्यांच्या नावाने पैसे जमवू. आईने आणि मजल्यावरच्या बायकांनी मालवणी मसाला करून विकला, दिवाळीला चकल्या-शंकरपाळ्या. मावसभावाने बॉक्स क्रिकेटची टूर्नामेंट ठेवली. आपल्या नाक्यावरच्या वडापाववाल्याने गुढीपाडव्याचा अख्खा गल्ला दिला, वर 'नाव लिहू नको' म्हणाला म्हणून लिहीत नाही. बरं जमतंय. हंडीच्या दिवशी नाक्यावर हजारो लोक असतात, म्हणून ते टेबल हवं होतं.

आता तक्रारी.

पहिली या 'निगेटिव्ह' शब्दाची. हंडीत पडून लागतं हे काय मी सांगायला हवंय? दरवर्षी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर थरांचा फोटो असतो आणि बाजूच्या कॉलमात कुठल्या हॉस्पिटलात किती गोविंदा ते. २०१४ ला हायकोर्टाने वीस फुटांची मर्यादा घातली, २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ती ठेवली, २०१७ ला परत हायकोर्टात उंचीची मर्यादा उठली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना बंदी राहिली, हे सगळं कशावरून झालं? सगळं जग ज्याच्याबद्दल बोलतंय ते आपल्याच स्टेजवर फक्त बोलायचं नाही. मी हंडी बंद करा म्हणणाऱ्यांतली नाही, कधीच नव्हते, कोर्टाची केस चालू होती तेव्हा बाबा स्वतः अडखळत म्हणायचे 'बंद नको'. त्या दोन मिनिटांत मी काय बोलणार होते माहितीये? डोक्याला मार लागलेला माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी त्या दिवशी त्याला परत थरात घेऊ नका, एकटं झोपायला पाठवू नका, दिवसभर कुणीतरी सोबत राहा, आणि उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, अडखळतं बोलणं, फिट, कानानाकातून रक्त किंवा पाणी, बाहुल्या लहानमोठ्या, यातलं एक जरी दिसलं तर १०८ लावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. एवढंच. यात स्पॉन्सर नाराज होण्यासारखं काय आहे ते स्पॉन्सरलाच विचारून सांगा.

दुसरी तक्रार पैशांची आहे, आणि लिहायला संकोच वाटतो पण लिहिते. गेल्या वर्षी बाबांना जाऊन सहा महिने झाले होते, तेव्हा हंडीच्या स्टेजवरून त्यांना श्रद्धांजली दिलीत, मिनिटभर डीजे बंद केलात, आणि त्यांच्या स्मरणार्थ संस्थेला एकावन्न हजारांची देणगी जाहीर केलीत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याची रील झाली, रीलवर बाबांचा फोटो, खाली मंडळाचा लोगो. आजपर्यंत त्यातला एक रुपया संस्थेकडे गेलेला नाही. विचारलं की 'ऑडिट चालू आहे', 'खजिनदार गावी गेलेत', 'चेकवर दुसरी सही राहिलीये'. जाहीर केलं नसतंत तर मी मागायला आले नसते. रील मात्र अजून पेजवर आहे.

तिसरी, ती कुजबुज. 'बापाच्या नावावर पैसे जमवतेय, कुठे जातात कुणाला माहीत.' कोण म्हणालं ते मला माहीत आहे, नाव घेणार नाही. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचा आहे, माझा नाही, आईचा नाही. पावती ट्रस्टची, आयकरात सवलत मिळते ती, आणि रोख दोन हजारांच्या वर कुणी देत असेल तर आम्हीच सांगतो की चेकने किंवा ऑनलाइन द्या कारण त्यावर रोखीत सवलत मिळत नाही. पावती पुस्तकाचे नंबर सुद्धा संस्थेकडे नोंदवलेले आहेत. मंडळ स्वतः वर्गणी काढतं तेव्हा धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, हे कमिटीला मी काय शिकवणार. आमचा हिशोब मागा, हक्काने मागा, बसून दाखवते. तुमचाही कधीतरी नोटीस बोर्डावर लावा म्हणजे दोघांचं शेजारी शेजारी वाचता येईल.

चौथी जरा मोठी आहे. वरच्या पोराला आता हेल्मेट असतं, हार्नेस असतो, छान आहे, कॅमेरा तिथेच असतो. खालच्या रिंगणाचं काय? माणसं पडतात ती खालच्यांच्या डोक्यावर आणि मानेवरच ना? सरावाला मी परवा बघितलं, बाहेरच्या माणसांत एकाच्याही डोक्यावर काही नव्हतं, आणि त्यात बाबांच्या वयाचे तिघे-चौघे होते, त्यांना हटकलं तर म्हणाले 'आम्ही थोडीच चढतोय'. बाबा पण चढले नव्हते.

आणि विमा विमा जे तुम्ही म्हणता, 'आता सगळं सरकार बघतं'. २०२२ ला विधानसभेत हंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला तेव्हाची मदत आठवा: मृत्यू झाला तर दहा लाख, दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा पाय गेले तर साडेसात लाख, एक हात किंवा पाय गेला तर पाच लाख. मी ते वाचून आईला विचारलं, यात बाबा कुठे बसले असते गं? हात दोन, पाय दोन, डोळे दोन, सगळं जागेवर. गेला होता तो आतला माणूस. विमा काढूच नका असं मी म्हणत नाहीये, जरूर काढा, प्रत्येकाचा काढा, पण विमा काढला म्हणजे आपलं काम झालं असं समजून ती पावती फ्रेममध्ये लावून ठेवू नका. विम्याचे पैसे फार तर हॉस्पिटलच्या बिलापर्यंत येतात. त्यापुढची थेरपी, घरी बसलेली बायको, शाळा सोडून कामाला लागलेला पोरगा, हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांच्यासाठीच ही संस्था आहे, आणि तिच्यासाठी मी टेबल मागतेय. फुकट मागतेय असंही नाही, मांडवाचं भाडं सांगा, देते.

बाकी बारीकसारीक रुसवेफुगवे आहेत, बॅनरवरून बाबांचा फोटो काढून तिथे एका नगरसेवक-इच्छुकांचा वाढदिवस टाकलात वगैरे, त्यात मी जात नाही. इच्छुकांना शुभेच्छा.

मागण्या लिहिते, म्हणजे नंतर 'तिला नक्की हवंय काय' असा प्रश्न नको.

टेबल हंडीच्या दिवशीच हवं, 'गणपतीनंतर' नको. स्टेजजवळ नको असेल तर दूध डेअरीच्या बाजूला द्या, स्पीकरपासून लांब असेल तर उलट बरंच, कारण संस्थेतले दोन जुने पेशंट स्वतः येऊन बसणार आहेत आणि त्यांना आवाज झेपत नाही. माईकवरची दोन मिनिटं मात्र सोडणार नाही. मी नको असेन तर तुमच्याच निवेदकाने वाचावं, कागद लिहून देते, बाबांचं नाव घेतलं नाहीत तरी चालेल.

जाहीर केलेले एकावन्न हजार चेकने थेट ट्रस्टच्या नावे द्या. जमणार नसेल तर तसं सांगा, एवढी रक्कम आता शक्य नाही म्हणा, मी एका शब्दाने बोलणार नाही, पण मग ती रील काढा.

यावर्षीपासून जे पथक हंडी फोडेल त्याच्या बक्षिसातून नव्हे, मंडळाच्या स्पॉन्सरशिपमधून, ठरावीक वाटा मेंदूच्या पुनर्वसनाच्या कामाला. किती ते तुम्ही ठरवा. डीजेच्या एका तासाचं भाडं दिलंत तरी एका माणसाची कित्येक महिन्यांची थेरपी निघते.

हेल्मेट रिंगणातल्या सगळ्यांना. एवढी विकत घेणं परवडत नसेल तर आपल्या विभागातल्या क्रिकेट क्लबांकडे, सायकलवाल्यांकडे एक दिवसापुरती मागू, त्यासाठी फिरायला मी आणि मावसभाऊ तयार आहोत. ॲम्ब्युलन्स नुसती उभी नको, तिच्यापुढचा रस्ता मोकळा हवा, पथकांचे ट्रक एकाच बाजूला लावायचे असं पोलिसांशी आधीच बोलून घ्या. आणि डोक्याला लागलेल्यांची एक वही ठेवा, नाव, वेळ, कुठे पाठवलं, दुसऱ्या दिवशी फोन कुणी केला. २०१३ ला अशी वही असती आणि कुणाच्या तरी नावासमोर 'काकांना फोन' असं काम लिहिलेलं असतं तर, असो.

यातलं काय जमतंय आणि काय नाही ते ग्रुपवर लिहून कळवा, फोन नको, चहाला बोलावू नका, आणि आईकडे तर अजिबात जाऊ नका, ती लगेच 'राहू दे बाई' म्हणते. येत्या गुरुवारी रात्रीच्या सरावाला मी येतेय, बोर्ड आणि पावती पुस्तक घेऊन. संस्थेची थेरपिस्ट मुलगी पण येईल, पथकातल्या मुलांना डोक्याला मार लागलेला माणूस कसा उचलायचा, मान कशी सांभाळायची ते दाखवायला. त्याला अर्धा तास लागेल. सराव अर्धा तास लवकर सुरू केलात तर मुलांची शेवटची ट्रेन चुकणार नाही.

कळावे,
काकांची मुलगी

ता. क. उंचावरची शिडी आणि दोर आमच्या माळ्यावर आहेत, बाबांनीच ठेवलेले. मंडळाचेच आहेत ते. हंडीआधी कुणालातरी पाठवून घेऊन जा, दोर एकदा तपासून घ्या, जुना आहे.